फोर्टमध्ये १८६५ ची कोडे-फेरी आखताय? या चुका टाळा

हातात नकाशा, पिशवीत कोड्यांची पाकिटं आणि सोबत गाईड नाही. अशा फेरीसाठी मुंबईच्या १८६५ सालच्या शेअर-पडझडीइतका चांगला विषय शोधून सापडणार नाही. सगळा प्रकार फोर्टातच घडला आणि महत्त्वाच्या जागा जेमतेम अडीच किलोमीटरच्या वाटेवर येतात. तरीही अशा फेऱ्या फसतात. कोडी अवघड असतात म्हणून क्वचितच. बहुतेक वेळा आखणारा डोळ्यांसमोर दिसणारी इमारत आणि १८६५ साल यांची गल्लत करून बसतो.

प्रकरण थोडक्यात असं. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिथला कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला कधी न पाहिलेला भाव आला. आलेला पैसा शेअर्समध्ये गेला. जानेवारी १८६५ मध्ये शहरात ३१ बँका, १६ फायनान्शियल असोसिएशन आणि ८ जमीन कंपन्या होत्या. ९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेच्या फौजेचे सेनापती जनरल ली शरण गेले, युद्ध संपत आलं आणि कापूस घसरला. १ जुलै १८६५ हा वायदे, म्हणजे पुढच्या तारखेला ठरल्या भावाने शेअर घ्यायचे-द्यायचे करार, पुरे करायचा दिवस होता. त्या दिवशी द्यायला पैसेच कुणाकडे नव्हते.

इमारतीचं वय न पाहता थांबा ठरवणं

सर्वांत महाग पडणारी चूक ही. आज फोर्टात जे भव्य दिसतं त्यातलं बरंचसं पडझडीनंतर पुरं झालेलं आहे. हॉर्निमन सर्कलची गोलाकार रांग १८७२ मध्ये पूर्ण झाली, म्हणजे तेजीच्या दिवसांत तिथे बांधकामाची धूळ होती. हायकोर्टाची इमारत १८७८ ची. कमानींखाली उभं करून ‘इथेच दलालांची गर्दी उसळली होती’ असं कार्डावर छापलं, तर थोडं वाचलेला खेळाडू तिथेच तुमच्यावरचा विश्वास गमावतो. मग पुढच्या कोड्यात तो अडकला की चूक कोड्याचीच असणार असं धरून चालतो.

१८६५ च्या माणसाने खरोखर पाहिलेल्या वास्तू मोजक्याच आहेत : सेंट थॉमस कॅथीड्रल (१७१८), टाकसाळ, टाउन हॉल म्हणजे आजची एशियाटिक लायब्ररी (१८३३) आणि तेव्हा अगदी नवं कोरं असलेलं फ्लोरा फाउंटन (१८६४). फेरीचा कणा या चौघांवर ठेवा. नंतरच्या इमारती ‘पुढे काय झालं’ या भागात घ्या.

राजाबाई टॉवर दोन्हीकडे बसतो, म्हणून तो सोन्यासारखा थांबा आहे. त्यासाठीची देणगी त्या तेजीतले सर्वांत बडे दलाल प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये, तेजी शिगेला असताना दिली. पायाभरणी १ मार्च १८६९ ला झाली आणि काम नोव्हेंबर १८७८ मध्ये संपलं. या तीन तारखांच्या तीन चिठ्ठ्या द्या आणि ‘१ जुलै १८६५’ ही चौथी चिठ्ठी कुठे बसते ते विचारा. पैसा बुडण्याआधी दिलेलं दान, बुडाल्यानंतर उभा राहिलेला मनोरा : एका वाक्याचं स्पष्टीकरण न देता ही गोष्ट खेळाडूच्या हातात येते. आईला वेळ कळावी म्हणून टॉवर बांधला, ही कथा कार्डाच्या मागे टाकायला हरकत नाही, पण तिच्यावर उत्तर बेतू नका. मनोऱ्यावरच्या मूर्ती मोजायला लावू नका, खालून त्या नीट मोजता येत नाहीत. विद्यापीठाच्या आवारात सहज सोडतीलच असं नाही, त्यामुळे थांबा ओव्हल मैदानाच्या बाजूला घ्या आणि जिथून झाडं आड येत नाहीत ती जागा नकाशावर खुणेने दाखवा.

‘तोच’ वड

१८५० च्या दशकात दलाल टाउन हॉलसमोरच्या वडाखाली जमत, हे बरोबर आहे. नंतर ते मेडोज स्ट्रीटच्या टोकाकडच्या वडांखाली सरकले आणि १८७४ मध्ये दलाल स्ट्रीटवर आले. पण हॉर्निमन सर्कलच्या बागेतल्या एखाद्या झाडाकडे बोट दाखवून ‘हाच तो वड’ म्हणू नका. कोडं जागेवर बांधा. उदाहरणार्थ, टाउन हॉलकडे तोंड करून उभं राहायला सांगा आणि दलालांच्या पाठीमागे काय असेल ते विचारा. झाड बदललं तरी दिशा बदलत नाही.

अशीच फसगत कॉटन ग्रीनची होते. नाव वाचून मंडळी हार्बर लाइनच्या त्या स्टेशनापर्यंत फेरी ताणतात. शिवडीकडचा तो कापूसबाजार विसाव्या शतकातला. १८६५ मधला कापूस कुलाब्याच्या बाजूला होता.

मरीन ड्राइव्हवर शेवट करणं

समुद्रात भराव घालून जमीन करायला निघालेली बॅकबे रेक्लमेशन कंपनी ही त्या तेजीची नायिका, त्यामुळे समुद्राकाठी शेवट करायचा मोह होतो. मरीन ड्राइव्हवर उभं करून ‘याच भरावाच्या शेअर्ससाठी लोक वेडे झाले होते’ असं सांगणं मात्र साफ चूक. ती कंपनी बुडाली. मरीन ड्राइव्हचा भराव विसाव्या शतकातल्या सरकारी योजनेतला आहे, नरिमन पॉइंट तर त्याच्याही नंतरचा. १८६० च्या दशकातला किनारा जाणवून द्यायचा असेल तर चर्चगेटजवळच्या रेल्वेमार्गापाशी थांबा. समुद्र तेव्हा साधारण तिथवर होता. तिथे पश्चिमेकडे पाहायला लावून ‘समोर जे दिसतंय त्यातलं १८६५ मध्ये किती होतं?’ असं विचारा. उत्तर शून्य आहे आणि ते कुणाला लवकर सुचत नाही.

कुलपात भलताच आकडा घालणं

आकडी कुलूप वापरणार असाल तर आधी हे ठरवा, की कुठला आकडा वादातीत आहे. बॅकबेच्या शेअरचा भाव टाळा. दर्शनी किंमत, भरलेली रक्कम आणि वरचा प्रीमियम हे तिन्ही वेगवेगळे असतात आणि पुस्तकागणिक त्यांची सरमिसळ आढळते. एकजण प्रीमियम धरतो, दुसरा एकूण किंमत, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

बँक ऑफ बॉम्बेचा शेअर त्या मानाने सोपा. तेजीत २,८५० रुपयांपर्यंत गेलेला हा शेअर पुढे ८७ रुपयांना विकायची वेळ आली. आता यावर प्रश्न कसा विचारता ते महत्त्वाचं. ‘किती टक्के पडला?’ असं विचारलंत तर ९६.९४७ येतं. कुणी ९६ लिहील, कुणी ९६.९, कुणी ९७, आणि कुलूप एकाचंच उघडेल. ‘किती पट?’ विचारलंत तरी हीच गत, ३२.७६. सरळ वजाबाकी विचारा : २८५० वजा ८७, म्हणजे २७६३. चार आकडी कुलपात चपखल बसतं, फोनचा कॅल्क्युलेटरही लागत नाही.

तारखांच्या कोड्यात दोन्ही टोकं मोजायची की एकच, हे न सांगणं ही नेहमीची चूक. ९ एप्रिल ते १ जुलै १८६५ हे अंतर ८३ दिवसांचं आहे, पण सुरुवातीचा दिवसही धरणाऱ्याला ८४ मिळतात. कार्डावर ‘ली शरण गेल्यानंतर कितव्या दिवशी’ असं लिहा, म्हणजे वाद उरत नाही.

लोकसंख्येचे आकडे वापरायलाही चांगले आहेत : १८६४ च्या गणनेत ८,१६,५६२ आणि १८७२ मध्ये ६,४४,४०५. पण ही १,७२,१५७ ची घट सगळी पडझडीच्या खात्यावर मांडू नका. मध्ये आठ वर्षं गेली आहेत.

पायऱ्या मोजायचं कोडं सगळ्यांना आवडतं आणि सगळ्यांचं चुकतं. टाउन हॉलच्या पायऱ्यांत फुटपाथची कड धरायची का, वरचा सपाट भाग धरायचा का, यावर उत्तर बदलतं. वर आठ डोरिक खांब आहेत, ते मोजायला लावा.

वायद्याची साखळी बंद वर्तुळात बांधणं

१ जुलैला नेमकं काय मोडलं हे समजावणारं कोडं हा फेरीचा गाभा, आणि नेमका इथेच हिशेब चुकतो. साधारण मांडणी अशी असते : चार नावांच्या चिठ्ठ्या, प्रत्येकीवर ‘१ जुलैला अमक्याला इतके रुपये देणे’. क ने ख ला, ख ने ग ला, ग ने घ ला, आणि गंमत म्हणून घ ने परत क ला. चारही रकमा १,००० च्या. खेळाडू पाच मिनिटांत सांगतो, की कुणीच कुणाला काही द्यायला नको, सगळं फिटलं. त्याचं बरोबर आहे. समान रकमांचं बंद वर्तुळ फिटतंच, मग बुडणार कोण?

म्हणून साखळीचं टोक उघडं ठेवा. पाच चिठ्ठ्या घ्या. सुरुवातीला क, ज्याच्याकडे शेअर सोडून काही नाही. शेवटी च, ज्याला रोख हवीच आहे. मधल्या तिघांचं देणं आणि येणं जवळजवळ सारखं ठेवा, म्हणजे कागदावर ते सुस्थितीत दिसतील. प्रत्येक चिठ्ठीच्या मागे त्या माणसाकडची रोख लिहा, मधल्यांची १०० च्या पुढे नको. शेअर २,८५० ला असताना क तो विकून देणं फेडतो आणि सगळे सुटतात. भाव ८७ करा, की क पडतो आणि ज्यांनी स्वतः काही चूक केली नाही असे मधले तिघंही ओळीने पडतात. मग सहावी चिठ्ठी उघडायला द्या : बँकेने शेअर तारण ठेवून क ला कर्ज दिलेलं आहे. १८६३ च्या कायद्याने बँक ऑफ बॉम्बेला शेअर्सवर कर्ज द्यायची मुभा मिळाली होती, आणि ती बँक पुढे १८६८ मध्ये गुंडाळली गेली. ही चिठ्ठी आधीच दिलीत तर रहस्य संपतं. ती शेवटीच.

सगळं खापर एकट्या प्रेमचंदांवर फोडणारी कार्डं सोपी पडतात, पण मग ही साखळी निरर्थक होते.

दलाल स्ट्रीटवर थांबणं

शेअर बाजाराच्या इमारतीभोवती कडक पहारा असतो. दारासमोर वही काढून टिपणं घेणारा, फोटो काढणारा घोळका हटकला जातो आणि अर्धी फेरी तिथेच थंडावते. टाकसाळीसमोरही फोटोचं काम देऊ नका. दलाल स्ट्रीटचं कोडं असं असावं, की चालत पुढे गेल्यावर सुटेल. दलालांची संघटना ९ जुलै १८७५ ला स्थापन झाली, म्हणजे पडझडीच्या दिवसानंतर दहा वर्षं आणि आठ दिवसांनी. ‘१०’ आणि ‘८’ हे दोन आकडे पुढच्या पाकिटाची किल्ली होऊ शकतात.

जुनी नावं, नवे फलक

जुन्या नकाशावर अपोलो स्ट्रीट, मेडोज स्ट्रीट, चर्चगेट स्ट्रीट, एस्प्लनेड रोड असतं. रस्त्यावर मुंबई समाचार मार्ग, नगीनदास मास्टर रोड, वीर नरिमन रोड, महात्मा गांधी मार्ग लिहिलेलं असतं. ही जोडणी कोडं म्हणून छान आहे, पण ते पहिल्याच थांब्यावर सोडवून घ्या. पुढे कुणी रस्ता चुकला तर ते कोडं राहत नाही, नुसती वणवण होते.

फोनवर जागा ओळखणारं ॲप वापरत असाल तर गल्ल्यांत उंच इमारतींमुळे ठिकाण वीस-तीस मीटर सरकतं. दहा मीटरचं वर्तुळ ठेवलंत तर माणूस योग्य जागी उभा राहूनही ‘तुम्ही पोहोचला नाहीत’ असंच वाचत राहतो. पन्नास मीटर ठेवा. उत्तराच्या रकान्यात ‘८७’ आणि इंग्रजी अंकांतलं तेच उत्तर दोन्ही चालू द्या, ‘हुतात्मा चौक’ आणि ‘फ्लोरा फाउंटन’ही. भिंतीवर क्यूआरचे स्टिकर चिकटवू नका. बऱ्याच इमारती वारसा यादीत आहेत, आणि स्टिकर तसाही आठवड्याभरात गायब होतो.

अडकलेल्या माणसाला वाऱ्यावर सोडणं

प्रत्येक थांब्याला तीन इशारे हवेत. पहिला कुठे पाहायचं ते सांगतो, दुसरा काय करायचं ते, तिसरा उत्तरच देतो. तिसरा इशारा न देणं हा आखणाऱ्यांचा अहंकार असतो. त्याने एका थांब्यावर अडकलेला गट उरलेले सहा थांबे पाहतच नाही.

सात थांबे, थांब्याला साधारण बारा मिनिटं आणि मधलं चालणं धरून सव्वादोन तास लागतात. एका संचावर दोन ते चार माणसं. पाच झाली की दोघं मागे राहून गप्पा मारतात. कार्डं हाताच्या पंजात मावतील एवढी, अक्षर मोठं. चकचकीत कागद उन्हात वाचता येत नाही.

आखून झाल्यावर दोन अनोळखी माणसांना ती चालायला द्या, तुम्ही मागून गप्प चाला. जिथे ते फोनवर शोधायला लागतात तिथलं कोडं बदला. दर दोन-तीन महिन्यांनी एक चक्कर मारा, कारण फोर्टात एखाद्या इमारतीला हिरवी जाळी आणि परांची कधी लागेल याचा नेम नाही. दिसण्यावर बेतलेल्या प्रत्येक कोड्याला जवळचाच एक पर्यायी प्रश्न तयार ठेवा.

आणि वर्धापनदिन म्हणून १ जुलैलाच फेरी ठेवायची असेल, तर तो मुंबईतला भर पावसाचा दिवस आहे. उघड्यावरचे थांबे तीनवर आणा, कार्डं लॅमिनेट करा आणि साखळीचं कोडं हॉर्निमन सर्कलच्या कमानींखाली मांडा. पाचांतली एक चिठ्ठी वाऱ्याने उडाली की उरलेल्या चौघांचा हिशेब लागत नाही.