केरी ते मोरजी: पाण्याची वेळ पाहून चालायची किनारवाट

गोव्यातील पेडणे तालुक्याचा समुद्रकिनारा केरीच्या टोकापासून मोरजीच्या तेंबापर्यंत, म्हणजे नदीमुखाजवळच्या टोकापर्यंत, पायी चालत पाहता येतो. अंतर साधारण चौदा-पंधरा किलोमीटर आहे. चालण्याची सवय असलेल्याला हा आकडा लहान वाटेल, परंतु वाटेत एक सडा, म्हणजे जांभ्या खडकाचे पठार, खडकांचे टप्पे, एक खाडी आणि लांबच लांब वाळू असल्यामुळे पूर्ण दिवस हाताशी ठेवूनच निघावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम होय. पावसाळ्यात ही वाट धरू नये.

या वाटेचे नियोजन घड्याळापेक्षा पंचांगावर अधिक अवलंबून आहे. कोकणपट्टीतील जुन्या माणसांचा हिशेब असा की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. हा हिशेब मुंबईकडच्या पाण्याला जुळतो; गोव्यात पाणी मुंबईपेक्षा थोडे लवकर चढते-उतरते, म्हणून त्यातून काही वेळ वजा धरावा आणि मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाशी ताडून पाहावे. या हिशेबाने अष्टमी ते दशमी हे दिवस, पक्ष कोणताही असो, सर्वांत सोयीचे ठरतात, कारण सकाळभर पाणी उतरत जाते, चालायला ओलसर टणक वाळू मिळते आणि दुपारच्या सुमारास खाडी ओलांडता येते. शिवाय तेव्हा भांगाची, म्हणजे उधाणाच्या उलट कमी जोराची, भरती असल्याने पाणी फार वर चढत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात मात्र ऐन मध्यान्हीच भरती येते. मी एकदा चांदणे पाहायला मिळेल म्हणून पौर्णिमेला निघालो आणि अकराच्या सुमारास आश्व्याच्या खाडीपाशी कमरेच्या वर पाणी पाहून थांबलो. उरलेला रस्ता डांबरावरून, उन्हात चालावा लागला, आणि ज्या किनाऱ्यासाठी आलो होतो तो झाडांच्या फटींतूनच दिसत राहिला.

म्हापशाहून केरीकडे बस जाते, पण उजाडताच निघायचे असेल तर आदल्या रात्री केरी किंवा हरमल येथे मुक्काम करणे बरे. ज्यांना तेरेखोलचा किल्ला पाहायचा आहे त्यांनी तो आदल्या दिवशी संध्याकाळीच पाहून घ्यावा. केरीच्या धक्क्यावरून फेरीबोट तेरेखोल नदीपलीकडे नेते, मात्र फेरीच्या वेळा धक्क्यावर विचारून घ्याव्यात. सावंतवाडीकर भोसल्यांनी बांधलेला हा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगिजांकडे गेला आणि १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा फडकवला. पलीकडच्या तटावरून पाहिले की दुसऱ्या दिवशीच्या वाटेचा पहिला भाग, म्हणजे केरीची वाळू आणि तिच्या दक्षिणेचा सडा, एका नजरेत येतो.

केरीच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनाच्या बाजूने दक्षिणेकडे चालत राहावे. नदीच्या मुखापाशी पाण्यात उतरू नये, कारण तेथील ओढ वरून दिसत नाही आणि आजवर अनेकांचे जीव तेथे गेले आहेत. वाळू संपून खडक सुरू झाले की काहींना खडकांच्या पायथ्याने वळसा घालण्याचा मोह होतो. तसे करू नये. शेवाळ धरलेला जांभा साबणासारखा निसरडा असतो आणि लाट आली तर मागे सरकायला जागा राहत नाही. सड्यावर चढणारी पायवाट धरावी. चढ फार मोठा नाही, पण सुट्या खड्यांवरून पाय घसरतो, म्हणून येथे सपाता नकोत, तळाला पकड असलेले बूट हवेत. वर पोहोचल्यावर मात्र घाई करू नये. काळपट, भोकाभोकांचा जांभा, त्याच्या खाचांत वाळलेले पिवळे गवत, समोर पाण्यावर पहाटेच्या होड्या: दिवसभरातील सर्वांत मोकळी जागा हीच. याच सड्यावरून पॅराग्लायडिंग करणारे झेप घेतात. त्यांच्या दोऱ्या पसरलेल्या असतील तर लांबून जावे.

सड्यावरून उतरले की कालच्याचा लहानसा किनारा आणि त्यामागे गोड्या पाण्याचे तळे लागते. समुद्रापासून काही पावलांवर गोडे पाणी असण्याचे कारण म्हणजे डोंगरातून येणारा ओहोळ. ते पाणी पिऊ नये. पिण्याचे पाणी माणशी किमान दोन लिटर सोबत असावे आणि हरमल येथे ते पुन्हा भरून घ्यावे. तळ्यापासून दुकानांच्या रांगेतून खडकाच्या कडेने जाणारी वाट हरमलच्या मोठ्या किनाऱ्यावर आणून सोडते. नऊ-साडेनऊला तेथे पोहोचलात तर वेळ बरोबर आहे. पातळभाजी आणि पाव खाऊन पुढे निघावे, कारण यापुढे सावली दुर्मीळ आहे.

हरमल ते मांद्रे हा टप्पा सरळ आहे. सकाळी कधी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचे मोठे जाळे, ओढली जात असते. तेव्हा दोरावरून उडी मारून जाऊ नये. ताणलेला दोर अचानक सैल पडतो, पुन्हा कसला जातो आणि पाय अडकतो. ओढणाऱ्यांच्या मागून, वाळूच्या वरच्या अंगाने जावे. जाळे किनाऱ्याला टेकले की तारल्यांची चांदीसारखी तडफड दिसते आणि दोर धरणाऱ्यांच्या हातांवर मिठाचे पांढरे ओरखडे दिसतात.

मांद्रे ते आश्वे यांच्या मध्ये खाडी किनाऱ्याला समांतर वाहते. पूर्ण ओहोटीच्या आसपास ती गुडघाभर पाण्यातून ओलांडता येते. पाणी मांडीपर्यंत आले तर हट्ट न धरता आत वळून पुलावरून जावे. आश्व्याच्या खडकांपलीकडे झाडाखाली बसून ऊन उतरेपर्यंत, म्हणजे तीनपर्यंत, विसावा घ्यावा.

शेवटचा टप्पा मोरजीचा. येथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या हिवाळ्यात अंडी घालायला येतात आणि वनखाते घरट्यांभोवती कुंपण घालते. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात आणि पिल्ले बाहेर यायला सुमारे पन्नास दिवस लागतात. म्हणून कोरड्या वाळूतून न चालता पाण्याच्या कडेनेच चालावे आणि अंधार पडल्यावर विजेरी किंवा मोबाइलचा प्रकाश वाळूवर टाकू नये, कारण पिल्ले उजेडाकडे वळतात आणि समुद्राची दिशा चुकतात.

तेंबावर शापोरा नदी समुद्राला मिळते. हिवाळ्यात तेथे कुरव या समुद्रपक्ष्यांचे थवे बसलेले असतात. थव्याच्या रोखाने चालत गेल्यास सगळे एकदम उडतात, म्हणून वळसा घालून जावे. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. तेथून मोरजी गावात येऊन चोपडे-शिवोलीमार्गे म्हापशाची बस मिळते. शेवटची बस किती वाजता सुटते हे सकाळीच विचारून ठेवावे.