गांजातल्या टर्पीन्सच्या बाबतीत या चुका टाळा (माझ्या पहिल्या पिकाचा कडबा झाला त्यावरून)

आधीच सांगून ठेवतो, मी कॅनडात ओंटारिओला राहतो. इथे १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे, १९ वर्षं पूर्ण झालेल्याला दुकानातून घेता येतो आणि एका घरात चार झाडं लावता येतात. भारतात १९८५ चा अमली पदार्थांवरचा एनडीपीएस कायदा आहे, तेव्हा तिकडून मला बी-बिया मागणारे मेसेज करू नका, उत्तर देणार नाही.

आता मुद्दा. टीएचसीला, म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकाला, स्वतःचा असा वास जवळपास नसतोच, जो लिंबासारखा, मिऱ्यासारखा, देवदारासारखा वास येतो तो बहुतेक टर्पीन्सचा, म्हणजे झाडातल्या सुगंधी द्रव्यांचा. आणि लोक नेमकी त्याचीच वाट लावतात.

घाईघाईने वाळवणं

ही माझी लाडकी चूक, कारण मी स्वतः केलीय. पहिल्या वर्षी ऑक्टोबरात झाडं कापली, बाहेर गारठा, म्हटलं बेसमेंटमध्ये फर्नेसच्या (घर तापवणाऱ्या भट्टीच्या) डक्टजवळ टांगू, पटकन होईल. झालं पण, तीन दिवसात कुरकुरीत! आणि ते तीन दिवस घरभर असला भन्नाट वास की मी खूश, बायकोला म्हणतोय बघ काय क्वालिटी आलीय. ती म्हणाली, अरे वास सगळा घरात आलाय, मग फुलात काय उरलं? आईशप्पथ, तेव्हा हसलो मी तिला. पंधरा दिवसांनी बरणी उघडली तर गोठ्यातल्या कडब्याचा वास, त्यावर जराशी मिरपूड भुरभुरल्यासारखी. बास.

का, तर मिरसीन, लिमोनिन, पायनीन ही टर्पीन्स म्हणजे दहा कार्बनवाली हलकी मंडळी, ऊब आणि वारा मिळाला की आधी तीच उडतात. कॅरिओफिलीन, ह्युम्युलीन पंधरा कार्बनवाली, जड, ती मागे राहतात. कॅरिओफिलीन म्हणजे आपल्या मिऱ्यात आणि लवंगेत असतं तेच, म्हणून ती मिरपूड.

आता मी काय करतो: अंधारी खोली, १६ ते १८ डिग्री, हवेत साधारण ६० टक्के दमटपणा, पंखा थेट फुलांवर अजिबात नाही, आणि दहा-बारा दिवस हात लावायचा नाही. बारीक काडी वाकवली की कट् आवाज करून मोडली पाहिजे, नुसती वाकली तर थांबायचं. मग काचेची बरणी, आत छोटा हायग्रोमीटर (दमटपणा मोजायचा), पहिला आठवडा रोज पाच मिनिटं झाकण उघडं. आकडा ६५ च्या वर गेला किंवा अमोनियासारखा भपका आला तर माल ओला आहे, बाहेर काढून पुन्हा पसरा. बुरशी दिसली तर सरळ फेकून द्या, "तेवढाच भाग काढतो" हा कंजूसपणा नको. ओव्हन, मायक्रोवेव्ह, हेअर ड्रायर असले शॉर्टकट विचारणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही, घाला खुशाल ओव्हनमध्ये.

आंबा खाल्ला की जास्त चढते

हे कुणी काढलं माहीत नाही पण दर उन्हाळ्यात येतंच. म्हणे आंब्यात मिरसीन असतं, तासभर आधी खा. माणसांवर तपासून हे सिद्ध झालंय असं मला तरी कुठे सापडलं नाही, आणि गंमत म्हणजे हापूसच्या वासावर पुण्याच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) जे काम झालं त्यात सगळ्यात जास्त निघालं ते ओसिमीन, वेगळंच टर्पीन. म्हणजे आपल्या हापूसवाल्यांचं गणित तिथेच चुकलं.

माझा मावसभाऊ आला होता, त्याने डब्यातल्या पल्पचा आमरस वाटीभर चापला आणि वर दुकानातून सगळ्यात मोठा टीएचसीचा आकडा बघून आणलेलं ओढलं. अर्ध्या तासात बाथरूमच्या फरशीवर, "दादा छाती धडधडतेय, अँब्युलन्स बोलव." पाणी दिलं, पाठीशी बसलो, चार मिरे चावायला दिले. गांजातली द्रव्यं शरीरात ज्या जागांना चिकटतात त्यांना रिसेप्टर म्हणतात; कॅरिओफिलीन त्यातल्या सीबी२ ला चिकटतं हे २००८ साली दाखवलंय खरं, पण चढते ती मुख्यतः दुसऱ्या, सीबी१ मुळे, त्यामुळे मिऱ्याने बरा झाला की दोन तास गेल्याने, कोण सांगणार. आंब्याचा दोष शून्य, दोष त्या आकड्याचा. पाकिटावर फक्त टीएचसी वाचून खरेदी करणं म्हणजे मसाला फक्त तिखटपणावर घेणं.

तक्ता पाठ करणं

लिमोनिन म्हणजे मूड, मिरसीन म्हणजे झोप, लिनालूल म्हणजे शांती, असे रंगीत तक्ते भिंतीवर लावतात. फुलात सगळी टर्पीन्स मिळून साधारण १ ते ३ टक्के. लिमोनिनबद्दल जरा बरा पुरावा आहे, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने २०२४ साली छापलेल्या प्रयोगात ३० मिलिग्रॅम टीएचसीबरोबर १५ मिलिग्रॅम लिमोनिनची वाफ दिली तेव्हा घबराट कमी झाली. पण तो मोजूनमापून दिलेला डोस होता, तुमच्या पाकिटावर लिंबाचं चित्र आहे म्हणून तेवढं आत आहे असं नाही. मी नाकावर जातो. जो वास घेऊन बरं वाटतं ते घ्यायचं, पहिल्यांदा अगदी थोडं, आणि वहीत लिहून ठेवायचं.

बाकीच्या चुका पटापट:

गांजाचे इंडिका आणि सॅटिव्हा असे दोन प्रकार सांगणाऱ्या लेबलवर विश्वास. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कने १७८५ मध्ये भारतातल्या झाडांवरून इंडिका नाव दिलं, आजच्या लेबलचा त्याच्याशी फारसा संबंध उरलेला नाही.

स्कंकसारख्या (घाण वास सोडणारा अमेरिकेतला प्राणी) उग्र वासाचं श्रेय टर्पीन्सना देणं. ते गंधक असलेल्या संयुगांचं काम आहे, २०२१ मध्ये नीट शोधलं गेलं.

बाटलीतली टर्पीन्स जुन्या फुलावर थेंब थेंब टाकणं. घसा जळतो. नका करू.

सगळं एकदम ग्राइंड करून ठेवणं. आई खडा मसाला अख्खा ठेवते आणि लागेल तेवढाच कुटते, का ते तिला विचारा.

आणि पाकिटावरची पॅकिंगची तारीख न बघणं. परवाच एकाने तक्रार केली की वासच नाही, तारीख बघितली तर चौदा महिने जुनं, आणि त्यातले दोन महिने, जुलै-ऑगस्टचे, गाडीच्या डॅशबोर्डवर.