मुखवट्याआडच्या खलनायकावर वाद कसा घालावा

चेहरा झाकलेल्या खलनायकाच्या मनाविषयी वाद घालायला बसण्यापूर्वी आपण त्याच्या भावनेविषयी बोलत आहोत की हेतूविषयी, हे ठरवून घ्यावे. कोल्हापुरात रंकाळ्याच्या कट्ट्यावर ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांतल्या डार्थ व्हेडर या मुखवटाधारी खलनायकाचा विषय निघाला की एकजण म्हणतो, ‘पोराची माया आली, म्हणून त्यानं सम्राटाला उचलून टाकलं’, तर दुसरा म्हणतो, ‘माया कसली, गादी पाहिजे होती त्याला’. पहिला भावना सांगतो आणि दुसरा हेतू. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात, हे ध्यानात आले नाही तर रात्र सरते, पण वाद जागचा हलत नाही.

त्यानंतर प्रत्येकाने कोणती आवृत्ती पाहिली आहे, ते विचारावे. १९८३ च्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मध्ये सम्राट व्हेडरच्या मुलाला, ल्यूकला, विजेच्या लोळांनी छळत असताना व्हेडर एकदा मुलाकडे आणि एकदा सम्राटाकडे पाहतो व एक शब्दही न बोलता सम्राटाला उचलतो. २०११ च्या ब्लू-रे आवृत्तीत याच जागी त्याच्या तोंडी ‘नाही’ असा आक्रोश घालण्यात आला. ज्याने फक्त नवी आवृत्ती पाहिली आहे, त्याला व्हेडरची घालमेल उघड दिसते. ज्याने जुनी पाहिली आहे, त्याला ती केवळ मान वळण्यातून ओळखावी लागते. मला जुनी आवृत्ती कितीतरी सरस वाटते, कारण तिथे निर्णय आपल्या डोळ्यांसमोर होतो आणि त्याचा अर्थ लावण्याचे काम प्रेक्षकावर सोपवलेले असते.

वादातले दृश्य आधी आवाज बंद करून पाहावे आणि मग पडद्याकडे पाठ करून नुसते ऐकावे. खासबागेत कुस्ती पाहणारा जाणकार पैलवानाच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्या खांद्यांकडे आणि पायांच्या ठेवणीकडे अधिक लक्ष देतो. इथेही तसेच पाहावे. ज्या शहरात बाबूराव पेंटरांनी १९२० मध्ये मूकपटातून ‘सैरंध्री’ उभी केली, तिथल्या प्रेक्षकाला संवादावाचून भाव ओळखणे जड जाऊ नये.

मात्र पुरावा कोणाचा, याचे भान ठेवावे. मूळ तीन चित्रपटांत व्हेडरचे शरीर डेव्हिड प्राउझ यांचे आणि आवाज जेम्स अर्ल जोन्स यांचा आहे, त्यांतल्या शेवटच्या दोन चित्रपटांतली तलवारबाजी मुख्यत्वे बॉब अँडरसन यांची, तर मुखवटा उतरल्यावर दिसणारा चेहरा सेबॅस्टियन शॉ यांचा. श्वासाचा आवाज बेन बर्ट यांनी स्कूबा डायव्हरच्या श्वसनयंत्रातून ध्वनिमुद्रित केला. १९८० च्या चित्रपटात ‘मी तुझा बाप आहे’ हे गुपित फुटू नये म्हणून चित्रीकरणाच्या वेळी प्राउझ यांना वेगळेच वाक्य देण्यात आले होते. त्यामुळे त्या दृश्यातल्या पुढे केलेल्या हातावरून नटाच्या मनात काय होते, असा युक्तिवाद करू नये. शरीर, आवाज आणि संकलन मिळून जे पात्र पडद्यावर घडते, त्याच्यापुरतेच बोलावे.

हेतू पारखण्यासाठी एक प्रश्न पुरतो : हा हेतू खरा असता, तर पुढच्या दृश्यात त्याने काय केले असते? गादीचा मुद्दा पोकळ नाही, कारण १९८० च्या चित्रपटात व्हेडर स्वतःच ल्यूकला सम्राटाचा पाडाव करून बापलेकांनी मिळून राज्य करण्याचे आमिष दाखवतो. परंतु सम्राट गेल्यावर तो मुखवटा काढायला सांगतो, तेव्हा आपण मरणार हे त्याला ठाऊक असते, आणि मुलाला एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्यापलीकडे तो काही मागत नाही. गादीसाठी उठलेला माणूस असे वागत नाही, हे माझे ठाम मत आहे.

नंतर आलेले पूर्वकथेचे चित्रपट पुराव्यात धरायचे की नाही, हे सुरुवातीलाच एकमताने ठरवावे. २००५ च्या चित्रपटात पत्नी गमावण्याच्या भीतीने तो वाममार्गाला लागतो. ते धरले तर सिंहासनासमोरचे कृत्य त्याच भीतीशी जोडता येते, नाही तर मूळ तीन चित्रपटांवरच भागवावे लागते. ‘मला तसं वाटतं’ असे कोणी म्हटले तर ‘कोणत्या शॉटवरून?’ असे विचारावे, आणि शॉट सांगता आला नाही तर दृश्य पुन्हा पाहीपर्यंत तो मुद्दा बाजूला ठेवावा.