अमेरिकेत अंडरग्रॅड करताय आणि उन्हाळ्यात लोकांसाठी काम करायचंय? मग पैसे मिळणारी इंटर्नशिप अशी शोधा

दरवर्षी मार्च आला की ओळखीतल्या एखाद्या मावशीचा फोन येतोच, मुलगी सेकंड इयरला आहे, तिला उन्हाळ्यात सरकारी ऑफिसात नाहीतर एखाद्या संस्थेत काम करायचंय पण फुकट काम करणं परवडणार नाही, असं काही असतं का गं? असतं, बरंच असतं, पण मार्चपर्यंत बहुतेक ठिकाणच्या तारखा उलटून गेलेल्या असतात आणि मला फार वाईट वाटतं. म्हणून हे सगळं एकदाच लिहून ठेवतेय, शक्यतो सप्टेंबर-ऑक्टोबरमधेच वाचा.

आधी एक गोष्ट समजून घ्या, मला ती समजायलाच एक वर्ष गेलं. काम देणारं ऑफिस वेगळं आणि पैसे देणारं बऱ्याचदा वेगळं असतं. पब्लिक डिफेंडरचं ऑफिस (वकील न परवडणाऱ्या आरोपींना सरकारतर्फे वकील देणारं), काउंटीचं म्हणजे जिल्ह्याचं आरोग्य खातं, बेघरांसाठी काम करणारी संस्था, यांच्याकडे कामाचा डोंगर असतो पण इंटर्नला द्यायला पैसे नसतात. पैसे असतात तुमच्या युनिव्हर्सिटीकडे. स्टॅनफर्डचं हास सेंटर १९८५ पासून आहे, तिथल्या कार्डिनल क्वार्टर नावाच्या कार्यक्रमात किमान नऊ आठवडे फुल टाइम कामासाठी स्टायपेंड मिळतो. येलची मुलं प्रेसिडेंट्स पब्लिक सर्व्हिस फेलोशिपवर न्यू हेवन शहरातच काम करतात. प्रिन्स्टनच्या १९६९ च्या बॅचने तर आपल्या पुढच्या मुलांसाठी सिव्हिक सर्व्हिसच्या इंटर्नशिप सुरू करून दिल्या. तुमचं कॉलेज एवढं मोठं नसलं तरी करिअर सेंटर, डीनचं ऑफिस आणि तुमचं डिपार्टमेंट अशा तिन्ही ठिकाणी जाऊन 'समर फंडिंग' हे दोन शब्द उच्चारा, कारण हे पैसे बऱ्याचदा वेगवेगळ्या नावांखाली पडून असतात आणि आपण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

पण त्याही आधी व्हिसा. एफ-वनवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असाल तर कॅम्पसबाहेरच्या कामासाठी सीपीटी, म्हणजे शिकत असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करायची परवानगी लागते आणि ती साधारण एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावरच मिळते, म्हणजे पहिल्या वर्षाच्या उन्हाळ्याचा विचार करत असाल तर इंटरनॅशनल ऑफिसला ऑक्टोबरमधेच विचारा. काम तुमच्या अभ्यासक्रमाशी जोडलेलं असावं लागतं, कधी कधी त्यासाठी एखाद-दोन क्रेडिटचा कोर्स घ्यावा लागतो, आणि आय-२० वर (कॉलेजने व्हिसासाठी दिलेल्या फॉर्मवर) सीपीटीची नोंद झाल्याशिवाय एक दिवससुद्धा कामावर जायचं नाही, ऑफिसने कितीही आग्रह केला तरी नाही. एकाच डिग्रीत फुल टाइम सीपीटी बारा महिने झालं की ओपीटी, म्हणजे डिग्रीनंतर काम करायची परवानगी, गेलं, पण दोन-तीन उन्हाळे मिळून तेवढे होत नाहीत, त्यामुळे त्याला घाबरू नका.

एच-फोरवरची मुलं, म्हणजे आईबाबांच्या एच-वन वर्क व्हिसावर अवलंबून इथे असलेली मुलं, हा माझ्या फार जवळचा विषय आहे. लहानपणापासून न्यू जर्सीत नाहीतर बे एरियात वाढलेली, बोलणं-वागणं सगळं इथलं, पण आईबाबांचं ग्रीन कार्ड रांगेत अडकलेलं, त्यामुळे या मुलांना पगारी काम करताच येत नाही आणि एकवीस पूर्ण झाले की एच-फोरही संपतो. यातली बरीच मुलं कॉलेजात असतानाच एफ-वनवर जातात, त्याला वेळ लागतो, म्हणून उन्हाळ्याचं स्वप्न बघायच्या आधी घरात बसून हे बोला. आणि 'स्टायपेंड म्हणजे पगार थोडाच' असं कोणी म्हटलं तरी त्यावर जाऊ नका, इंटरनॅशनल ऑफिसकडून लेखी उत्तर घ्या.

सिटिझन असाल तर आणखी दारं उघडतात. अमेरिकन संसदेत हाऊसच्या, म्हणजे प्रतिनिधिगृहाच्या प्रत्येक सदस्याच्या ऑफिसला २०१९ पासून इंटर्नच्या मानधनासाठी वेगळे पैसे मिळतात, सुरुवातीला ते वर्षाला २०,००० डॉलर होते. म्हणजे तुमच्या मतदारसंघाच्या ऑफिसला फोन करून 'ही जागा पेड आहे का' असं सरळ विचारा, त्यात संकोच कसला. शिवाय तुमच्या एडमधे, म्हणजे कॉलेजच्या आर्थिक मदतीत, फेडरल वर्क-स्टडी (सरकारी पैशातून विद्यार्थ्यांना मिळणारं अर्धवेळ काम) असेल तर तेही काही कॉलेजांत उन्हाळ्यात समाजसेवेच्या कामाला वापरता येतं.

आता ऑफिस कसं शोधायचं. सगळी मुलं वॉशिंग्टनच्या मोठ्या नावांमागे धावतात, मी म्हणते आधी आपल्या गावाचं बघा. काउंटी, सिटी हॉल, लीगल एड म्हणजे गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणारी संस्था, पब्लिक लायब्ररी, पब्लिक डिफेंडर. काही पब्लिक डिफेंडर तर अंडरग्रॅड मुलांना तपासाच्या कामाला घेतात, साक्षीदारांना भेटायचं, जागेवर जाऊन फोटो काढायचे, असं काम लॉ स्कूलच्या आधी दुसरीकडे कुठे मिळणार? आणि आपली भाषा विसरू नका, न्यू जर्सीतल्या एडिसनसारख्या, भारतीयांची वस्ती असलेल्या गावात ज्या मुलीला मराठी, हिंदी आणि थोडं गुजराती येतं ती आरोग्य खात्याच्या माणसाला सोन्यासारखी वाटते. महाराष्ट्र मंडळात गणपतीला जाता ना? तिथे काउंटीत नोकरी करणारे काका-काकू सापडतात, त्यांना विचारा.

मेल छोटी लिहा. मी कोण, तुमचं नेमकं कुठलं काम मी वाचलंय, आणि मला युनिव्हर्सिटीकडून पैसे मिळण्याची शक्यता आहे त्यामुळे तुमच्यावर खर्च पडणार नाही. हे तिसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. आठवड्याने पुन्हा मेल, मग फोन. सरकारी ऑफिसातली माणसं उद्धट नसतात, कामात बुडालेली असतात.

हो म्हणाले की लगेच पत्र मागा, त्यात तारखा, आठवड्याचे तास, सुपरवायझरचं नाव आणि काम काय हे हवंच. मला एका ऑफिसने तोंडी हो सांगितलं होतं, पत्र आलंच नाही आणि फंडिंगची तारीख निघून गेली, तो उन्हाळा मी कॅम्पसच्या डायनिंग हॉलमधे काढला. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, दोन ऑफिसांशी बोलणं चालू ठेवा. फंडिंगच्या अर्जात 'मला समाजसेवेची आवड आहे' हे लिहू नका, दहा आठवड्यांत काय करणार आणि शेवटी ऑफिसच्या हातात काय राहणार ते लिहा, एखादं माहितीपत्रक असेल, नकाशा असेल, शंभर लोकांच्या मुलाखतींची नोंद असेल.

पैशाचा हिशोब आधीच करा. एफ-वनवाल्यांच्या स्टायपेंडमधून बऱ्याचदा १४ टक्के कर आधीच कापतात, म्हणजे ५,००० मंजूर झाले तर हातात ४,३०० येतात. पुढच्या वर्षी १०४०-एनआर हा कराचा फॉर्म भरताना भारत-अमेरिका कर कराराच्या कलम २१(२) खाली आपल्या मुलांना स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून ठरावीक रकमेची करमाफी, घेता येतं, त्यामुळे कापलेलं बरंचसं परत मिळू शकतं, आणि कितीतरी मुलं हे न कळल्यामुळे सोडून देतात. ज्यांना कॉलेजची एड आहे त्यांच्याकडून उन्हाळ्यात काही रक्कम कमावण्याची अपेक्षा असते, ती माफ करता का किंवा भरून देता का, हे फायनान्शियल एडला विचारा. वॉशिंग्टनला जाणार असाल तर जॉर्ज वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीसारखी कॉलेजं उन्हाळ्यात इंटर्न मुलांना डॉर्म भाड्याने देतात, पण डिपॉझिट आधी भरावं लागतं आणि स्टायपेंड कधी कधी काम सुरू झाल्यावर येतो, म्हणून पैसे नेमके कुठल्या तारखेला खात्यात येणार हे अर्ज मंजूर झाला त्याच दिवशी विचारून घ्या.