गाडीला डीआरएल जोडायचे, पण कंपनीची वायर न कापता

वणी-चंद्रपूरकडच्या रस्त्यावर समोरून कोळशाचा ट्रक गेला की मागे धुळीशिवाय काही दिसत नाही, आणि पांढरी किंवा राखाडी गाडी त्या धुळीत पार हरवते. एप्रिल-मेमध्ये डांबरावर झळा उठतात तेव्हाही तसंच होतं. दिवसा पेटता राहणारा लाईट, म्हणजे डीआरएल, अशा वेळी कामाचा. तो रस्ता उजळत नाही. समोरच्याला गाडी लवकर दिसते, एवढंच त्याचं काम. नव्या दुचाकींना १ एप्रिल २०१७ पासून हेडलाईट सुरूच राहणं सक्तीचं झालं. कारला तशी सक्ती नाही. म्हणून साध्या मॉडेलमध्ये डीआरएल नसतात आणि लोक बाहेरून बसवतात.

लाईट बंपरला लावणं सोपं आहे. घोळ होतो तो सप्लाय कुठून घेतला आणि जोड कसा बांधला यात. तालुक्याच्या ठिकाणी बहुतेक वेळा हेडलाईटच्या मागची वायर सोलून तिच्यावर दुसरी पिळतात आणि वरून काळी टेप गुंडाळतात. उन्हाळ्यात टेपचा गोंद वितळतो, पावसाळ्यात जोडात पाणी शिरतं आणि दिवाळीपर्यंत तांबं हिरवं पडतं. त्यात गाडी वॉरंटीत असेल तर कापलेली वायर दाखवून क्लेम नाकारायला कारण मिळतं ते वेगळंच.

लाईट घेताना

स्वस्त पट्टीत तीन-तीन एलईडी एका रेझिस्टरसोबत ओळीत असतात. तीन एलईडी मिळून साधारण ९.३ व्होल्ट घेतात, उरलेला दाब रेझिस्टरवर पडतो. १२ व्होल्टला तो २.७ असतो. इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर १४.४ पर्यंत नेतो, म्हणजे रेझिस्टरवर ५.१. करंट जवळपास १.९ पट होतो आणि रेझिस्टरची उष्णता साडेतीन पटीवर जाते. बाहेर ४५ अंश आणि बाजूला तापलेला रेडिएटर असेल तर अशी पट्टी एक उन्हाळाही काढत नाही; आधी दोन-चार ठिपके जातात, मग अख्खी बाजू.

म्हणून आत कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर, म्हणजे व्होल्टेज वाढलं तरी एलईडीचा करंट तेवढाच ठेवणारं सर्किट, असलेला लाईट घ्यायचा. पाठ ॲल्युमिनियमची, पाण्यासाठी आयपी ६७ आणि खोक्यावर १० ते ३० व्होल्ट असं लिहिलेलं. खोक्यावर विश्वास नसेल तर दुकानातच तपासता येतं. मल्टिमीटर ओळीत जोडून बंद गाडीच्या बॅटरीवर करंट बघा, मग इंजिन सुरू करून बघा. चांगल्या ड्रायव्हरमध्ये आकडा तेवढाच राहतो किंवा किंचित उतरतो. झपकन वाढला तर आत फक्त रेझिस्टर आहे, तो लाईट परत द्या.

रंग पांढराच. लाल, निळे, लुकलुकणारे लाईट समोर लावले तर आरटीओची अडचण आहेच, शिवाय समोरचा गोंधळतो.

सामान

- डीआरएलची जोडी, प्रत्येकी ६ ते १० वॅट
- १२ व्होल्टचा पाच पिनी रिले, म्हणजे आतल्या कॉइलने चालणारा स्विच, सॉकेटसह (४ पिनी रिलेत ८७ए नंबरची पिन नसते, म्हणून तो इथे चालत नाही)
- फ्यूज टॅप २ (फ्यूजच्या खाचेत बसतात; मूळ फ्यूजसोबत दुसरा फ्यूज घेऊन नवी वायर काढून देतात), गाडीच्या फ्यूजच्या मापाचे. मिनी, लो-प्रोफाइल मिनी आणि मायक्रो ही मापं एकमेकांत बसत नाहीत, म्हणून एक फ्यूज काढून दुकानात सोबत न्या
- ३ अँपिअरचे फ्यूज २. नाही मिळाले तर ५ चे
- ०.७५ किंवा १ चौरस मिमी ऑटो वायर: लाल ४ मीटर, काळी ३ मीटर, वेगळ्या रंगाची २ मीटर
- गोल लग (बोल्टखाली बसणारं वायरीचं टोक), बट जोड (दोन वायरी जोडणारी नळी), आतून गोंद असलेली हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी)
- १एन४००७ डायोड १ (करंट एकाच दिशेने जाऊ देतो)
- करंगळीएवढा फ्लेक्झिबल पाइप ५ मीटर, केबल टाय २०

घरातल्या वायरिंगची उरलेली वायर वापरू नका. तिचं साधं पीव्हीसी ७० अंशांपर्यंतचं असतं. बोनेटखाली, इंजिनच्या जवळ, ते कडक होऊन तडकतं.

सर्किट

८ वॅटचे दोन लाईट म्हणजे १६ वॅट. १३.८ व्होल्टने भागलं की १.१६ अँपिअर. एवढ्याशा करंटसाठी थेट बॅटरीपासून जाड वायर ओढायची गरज नाही, चावी फिरवल्यावर सुरू होणाऱ्या एखाद्या फ्यूजवरून सप्लाय पुरतो. रिले लागतो तो करंट पेलायला नव्हे, पार्किंग लाईट किंवा हेडलाईट लावल्यावर डीआरएल आपोआप बंद व्हावेत म्हणून. रात्री समोरच्याच्या डोळ्यांवर हा उजेड जातो, आणि हेडलाईट लागले की डीआरएल विझावेत असं संयुक्त राष्ट्रांचा आर ४८ हा नियमही सांगतो.

जोडणी अशी:

३० नंबरची पिन: चावीच्या फ्यूजवरच्या फ्यूज टॅपकडून.
८७ए: दोन्ही डीआरएलच्या लाल वायरींना.
८६: पार्किंगच्या फ्यूजवरच्या दुसऱ्या टॅपकडून.
८५: बॉडी अर्थला.
८७: मोकळी. टोकाला हीट श्रिंक चढवून बंद करा. चावी सुरू आणि पार्किंग लागलेली असताना तिच्यावर सप्लाय येतो.

पार्किंग बंद असताना ३० आणि ८७ए आतून जोडलेलेच असतात, म्हणून चावी फिरवताच लाईट लागतात. पार्किंग लावली की कॉइल ओढते आणि ८७ए सुटतो. हेडलाईट लावताना पार्किंग आधी लागतेच, त्यामुळे वेगळी वायर नको. कॉइल दीडशे मिलिअँपिअरच्या आसपास घेते, ते पार्किंगच्या फ्यूजला जाणवतही नाही.

डायोड ८५ आणि ८६ च्या मध्ये, पट्टीची बाजू ८६ कडे. कॉइल सुटताना उलटा झटका मारते आणि नव्या गाड्यांत पार्किंग कंट्रोल मॉड्यूलमधून चालते. त्या मॉड्यूलपुढे दोन रुपयांचा डायोड काहीच नाही. उलटा लावला तर पार्किंगचा फ्यूज जातो. रिलेत आधीच डायोड असेल, म्हणजे त्याच्या अंगावरच्या चित्रात तसं दाखवलं असेल, तर वेगळा लावू नका. पण मग ८५ आणि ८६ ची अदलाबदलही चालत नाही.

कोणता फ्यूज घ्यायचा? वायपर, वॉशर, पॉवर सॉकेट यांचा चालतो. एअरबॅग, एबीएस, इंजिन ईसीयू, फ्युएल पंप, पॉवर स्टीअरिंग यांना हात लावायचा नाही. पॉवर सॉकेट काही गाड्यांत चावी काढल्यावरही जिवंत राहतं, म्हणून टेस्टरने पाहूनच ठरवा. नाहीतर अंगणात रात्रभर १.१६ अँपिअर जात राहील. १२ तासांत १४ अँपिअर-अवर. ३५ च्या बॅटरीतून एवढं गेलं की सकाळी धक्का मारायला माणसं शोधावी लागतात.

काम करताना

चाचणी आधी, बॅटरी सुटी नंतर. चावी ऑन करून निवडलेला फ्यूज उपसा आणि खाचेतल्या दोन पट्ट्यांपैकी सप्लाय कोणत्या बाजूला आहे ते मल्टिमीटरने पाहा. फ्यूज टॅपचा जो पाय दोन्ही फ्यूजना सामाईक आहे, तो याच बाजूला यायला हवा. उलटा बसवला तरी लाईट लागतात, म्हणून चूक लक्षात येत नाही. पण मग आपला भार मूळ फ्यूजमधूनही जातो.

पार्किंगचा फ्यूज बहुतेक ठिकाणी ‘टेल’ नावाने असतो. पार्किंग लावून तिथे किती व्होल्ट येतात ते बघा. बॅटरीइतके आले तर ठीक. आठ-नऊ आले तर मॉड्यूल तुकड्या-तुकड्यांनी सप्लाय देत आहे. त्यावर रिले गुणगुणतो आणि लवकर मरतो. अशा गाडीत लो बीमच्या फ्यूजवर प्रयत्न करा, पण आधी तपासून. काही जुन्या गाड्यांत हेडलाईटचा प्लस कायम असतो आणि स्विच मायनस तोडतो. तिथे लाईट बंद असतानाही फ्यूजच्या दोन्ही बाजूंना १२ व्होल्ट दिसतात. मग कॉइलचा ८६ चावीच्या सप्लायला आणि ८५ हेडलाईटच्या स्विच होणाऱ्या मायनसला, अशी जोडणी करावी लागते.

चाचणी झाली की १० नंबरचा पाना घेऊन बॅटरीचा मायनस काढा.

लाईटची जागा जमिनीपासून किमान २५ सेंटीमीटर, दोन लाईटमध्ये किमान ६० सेंटीमीटर. हे वर सांगितलेल्या आर ४८ नियमातले आकडे. पांदण रस्त्याने वावरापर्यंत गाडी नेणाऱ्याने ३५-४० च्या खाली लावूच नये. रपट्यावर पाणी असतं, आणि पांदणीतल्या चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा बंपरची खालची कड खरवडतो. ग्रिलमध्ये लावत असाल तर रेडिएटरसमोरची हवा अडवू नका, मे महिन्यात इंजिन लगेच सांगतं. नुसत्या डबल टेपवर भिस्त ठेवू नका. ४ मिमीचा नट-बोल्ट आणि मागून रुंद वॉशर.

फ्यूजपेटी बोनेटखाली असेल तर वायर आत न्यावी लागत नाही. डॅशखाली असेल तर फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला, नवीन छिद्र न पाडता मुख्य वायरिंगच्या रबर ग्रोमेटमधून सायकलची स्पोक घालून वायर ओढा. स्पोकच्या टोकाला टेप गुंडाळा, नाहीतर ती शेजारच्या वायरीत घुसते. ग्रोमेटच्या बाहेर वायरीला खाली एक वळसा द्या. पाणी त्या वळशावरून टपकून जातं, वायरीच्या अंगाने आत येत नाही. रिले उभा लावा, सॉकेटचं तोंड खाली. एक्झॉस्ट, पंखा आणि बेल्टपासून वीतभर लांब.

जोड क्रिंप करून, म्हणजे पक्कडीने दाबून, वर गोंदाची हीट श्रिंक. सोल्डर केलेली वायर हादऱ्याने सोल्डर संपतं तिथे तुटते, आणि आपल्याकडच्या रस्त्यांवर हादऱ्यांना तोटा नाही. निळे क्लिप-जोड मिळतात, दाबले की झालं म्हणतात. ते वायरीचे केस कापतात आणि पाणीही रोखत नाहीत. घेऊ नका.

अर्थ बॉडीच्या पत्र्यावर. रंग खरवडून चकचकीत धातू काढा, गोल लग आवळा, वरून पेट्रोलियम जेली. बॅटरीच्या मायनस टर्मिनललाच काळी वायर जोडू नका. नव्या गाड्यांत तिथे करंट मोजणारा सेन्सर असतो आणि त्याला चुकवून गेलेला करंट त्याच्या हिशेबात येत नाही.

सगळी वायर फ्लेक्झिबल पाइपमध्ये घालून मूळ वायरिंगच्या कडेने दर १५ सेंटीमीटरवर टाय. हे दिसायला चांगलं म्हणून नाही. घरात सोयाबीन-तूर येऊन पडली आणि गाडी गोठ्याशेजारी उभी राहिली की उंदीर बोनेटखाली मुक्कामाला येतात, आणि लोंबणारी वायर ते आधी धरतात. पाइप त्यांना पूर्ण थांबवत नाही, पण तंबाखूच्या पुडीपेक्षा बरा.

कंट्रोलर डबा सोबत आला असेल तर

काही जोड्यांसोबत बॅटरीला थेट जोडायचा छोटा डबा येतो. तो व्होल्टेज १३ च्या वर गेलं की इंजिन सुरू झालं असं समजतो. चार्जिंग कमी-जास्त करणाऱ्या नव्या गाड्यांत व्होल्टेज चालतानाही त्याखाली उतरतं, मग लाईट आपोआप विझतात, पुन्हा लागतात. डबा बाजूला ठेवून वरचं रिलेचं सर्किट करा. लाईटला तिसरी पिवळी वायर असेल तर ती इंडिकेटरची. नको असेल तर टोक बंद करून बांधून टाका, मोकळी सोडू नका.

बिघाड कुठे शोधायचा

एकच बाजू मंद जळते: त्या बाजूचा अर्थ. लाईटच्या काळ्या वायरीपासून बॅटरी मायनसपर्यंत, लाईट सुरू असताना, ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर लग खोलून पुन्हा घासा.

पाऊस पडला की फ्यूज जातो: वायर कुठेतरी पत्र्याच्या धारेवर घासली आहे. बंपरच्या ब्रॅकेटपाशी आधी बघा. मोठा फ्यूज टाकून गप्प बसवू नका, पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळेल.

आकाशवाणी नागपूर लावलं की खरखर आणि डीआरएल बंद केले की थांबते: ड्रायव्हरचा आवाज आहे. लाईटकडे जाणाऱ्या लाल-काळ्या वायरी एकमेकींना पिळून न्या, रेडिओच्या अँटेनापासून लांब. तरीही राहिली तर ड्रायव्हर हलका आहे.

एक गैरसमज नेहमीचा. डीआरएल सुरू असताना मागचे लाईट लागत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत पहाटे नदीकाठच्या रस्त्याला धुकं असतं, किंवा श्रावणात भर दुपारी अंधारून येतं, तेव्हा पुढून गाडी दिसते आणि मागून येणाऱ्या ट्रकला काहीच दिसत नाही. अशा वेळी हेडलाईट हातानेच लावायचे.

दसऱ्याला गाडी पूजेसाठी धुतली जातेच, पण बोनेटखाली फवारा मारू नका. तेव्हाच रिलेचं सॉकेट उपसून पिना बघा. हिरवट दिसल्या तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वाळवा, दोन्ही फ्यूज टॅप दाबून बघा आणि अर्थचा बोल्ट पुन्हा एकदा आवळा.