माहितीपटासाठी अनुदान: अर्जातलं सगळ्यात अवघड पान

लॉगलाइन (फिल्म एका-दोन वाक्यांत), सारांश, ट्रीटमेंट (फिल्म पडद्यावर कशी उलगडेल याचं वर्णन) आणि काही मिनिटांचं फुटेज तुमच्या हाताशी आहे असं मी धरून चालतो. नसेल तर आधी ते करा. अर्ज भरता भरता फिल्म सुचत नाही.

फंड निवडताना फिल्म कोणत्या टप्प्यावर आहे आणि तुम्ही कुठले आहात, हे आधी बघा. कॅटापल्ट फिल्म फंड सुरुवातीच्या तयारीच्या टप्प्याला पैसे देतो. इड्फा या अ‍ॅमस्टरडॅमच्या माहितीपट महोत्सवाशी जोडलेल्या इड्फा बर्था फंडाचा भर आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिका अशा भागांतल्या दिग्दर्शकांवर आहे. फोर्ड फाउंडेशनने २०११ मध्ये सुरू केलेला जस्टफिल्म्स हा उपक्रम तर सामाजिक न्यायाच्या विषयांसाठीच आहे. ‘पन्नास ठिकाणी अर्ज टाका, एखादा लागेलच’ असं सांगणाऱ्याने बहुधा स्वतः एकही अर्ज नीट लिहिलेला नसतो. तीन-चार निवडा, पुरे.

अनेक संस्था व्यक्तीला थेट पैसे देत नाहीत. मग फिस्कल स्पॉन्सर, म्हणजे तुमच्या वतीने पैसे स्वीकारणारी नोंदणीकृत ना-नफा संस्था, शोधावी लागते. ती आपला टक्का कापून घेते, तो बजेटमध्ये धरा. परदेशी अनुदान घ्यायला तुमच्या देशातला कायदा काय सांगतो, हे मंजुरीनंतर नाही, अर्जाआधी विचारा.

आता ते पान. प्रश्न साधारण असा असतो: ज्यांच्यावर फिल्म आहे त्यांच्याशी तुमचं नातं काय?

मी इथे तीनदा आपटलो. फिल्म सफाई कामगारांवरची होती आणि मी लिहिलं होतं, ‘ज्यांना आवाज नाही त्यांना आवाज द्यायचा आहे.’ तिसऱ्या नकारानंतर निवड समितीतल्या एका बाईंनी विचारलं, ‘त्यांची युनियन आहे, मोर्चे निघतात. आवाज नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं?’ मला उत्तर सुचलं नाही. ते वाक्य मी पुन्हा कधी लिहिलं नाही, तुम्हीही लिहू नका. ‘मी वर्षभर त्यांच्यात राहिलो’ हेही उत्तर नव्हे. कोणी पाहुणा म्हणूनही वर्षभर राहू शकतो.

त्या पानावर व्यवहार लिहा. फिल्मची गरज आधी कोणाला वाटली, तुम्हाला की त्यांना? रफ कट, म्हणजे फिल्मचं पहिलं कच्चं संकलन, कोण बघणार, कधी, कोणत्या भाषेत? एखादीने संमती मागे घेतली तर तिचा प्रसंग काढणार का? चेहरा दिसल्यामुळे कोणाची नोकरी गेली तर काय करणार? त्यांच्यातलं कोणी कॅमेऱ्यामागे, संशोधनात किंवा संकलनात आहे का, आणि त्यांना मानधन मिळतं का? जिथे अजून काही ठरलेलं नाही तिथे ‘हे त्यांच्याशी बोलून ठरवणार आहोत, बैठक अमुक महिन्यात’ असं सरळ लिहा. समितीला खोटी खात्री लगेच कळते.

यात नवं काही नाही. १९६७ मध्ये कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाने फोगो बेटावर चित्रीकरण केलं, तेव्हा ते आधी बेटावरच्या लोकांनाच दाखवलं गेलं आणि स्वतःचा भाग वगळायचा हक्क त्यांना होता. म्हणून ‘दिग्दर्शकाचं स्वातंत्र्य जाईल’ ही तक्रार मला पटत नाही. अंतिम कट तुमच्याकडे राहील असं ठरवता येतं, पण ते त्यांना आधी सांगून.

मग बजेट या पानाशी ताडून बघा. वर ‘लोकांना रफ कट दाखवू’ लिहिलंय आणि खाली प्रवास, दुभाषी, प्रोजेक्टर, मुलं सांभाळणारी माणसं यांपैकी एकाही गोष्टीला पैसे नाहीत, तर वरचं सगळं फुकट. माझ्या बजेटमध्ये ड्रोनला रक्कम होती आणि दुभाष्याला शून्य. ड्रोन काढला, दुभाषी घातला. फिल्मचं काहीच बिघडलं नाही.

फुटेजचा नमुना चकचकीत ट्रेलरसारखा कापू नका, एखादा अखंड प्रसंग द्या.

पाठवण्याआधी ते पान फिल्ममधल्या दोघा-तिघांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवा. कोणी हसलं, तर नेमकं कुठल्या वाक्याला ते विचारा आणि ते वाक्य काढा. अर्ज मुदतीच्या दोन दिवस आधी पाठवा, शेवटच्या तासाला पोर्टलचा भरवसा नसतो.