नजर बसेपर्यंत: स्टिरिओस्कोपखाली शिकताना

कोल्हापुरात भूगोलात एम.एस्सी. करत होतो. प्रॅक्टिकलला सरांनी पॉकेट स्टिरिओस्कोप हातात दिला: दोन भिंगांचं छोटं साधन, ज्यातून दोन जागांहून घेतलेले फोटो एकत्र होऊन उठावदार दिसतात. खाली एकाच डोंगराचे दोन हवाई फोटो. अर्धा तास मला नुसते दोन सपाट फोटोच दिसत होते. सर म्हणाले, "रस्त्याचा तोच फाटा दोन्हीकडे शोध. त्यावर एकेक तर्जनी ठेव आणि दोन बोटांचं एक होईपर्यंत फोटो जवळ-लांब सरकव." बोटं जुळली, हात बाजूला घेतले आणि कडा कागदातून उठून वर आला.

तो कडा होता त्यापेक्षा जास्त उभा दिसत होता. आपल्या डोळ्यांत साडेसहा सेंटिमीटरचं अंतर, विमानातून घेतलेल्या दोन फोटोंत मात्र शेकडो मीटरचं. म्हणून उंची वाढीव भासते. उताराचा अंदाज बांधताना हे ध्यानात असू द्या. एकदा मुद्दाम डावा फोटो उजवीकडे ठेवूनही बघा: ओढा डोंगराच्या धारेसारखा वर येतो.

आता अशा फोटोंवरून नकाशा काढायचं काम स्क्रीनवर, शटर गॉगल (दोन्ही डोळ्यांना आळीपाळीने आपापला फोटो दाखवणारा चष्मा) लावून चालतं. २००५ साली सोडलेल्या कार्टोसॅट-१ या भारतीय उपग्रहावर याचसाठी दोन कॅमेरे होते, एक २६ अंश पुढे झुकलेला, दुसरा ५ अंश मागे. आपण त्या फोटोंच्या जोडीवर एक तरंगता ठिपका (उंचीत वर-खाली करता येणारी खूण) बरोबर जमिनीला टेकवत रेषा काढायची. पहिल्या नोकरीत पूररेषेच्या कामात माझा ठिपका उसाच्या शेंड्यांवर टेकला होता. सीनियरनी पकडलं, म्हणून बरं. आपल्याकडचा ऊस सहज तीन मीटर वाढतो, आणि पंचगंगेकाठी तीन मीटरच्या फरकात अख्खी गल्ली पाण्यात जाते की वाचते ते ठरतं. तेव्हापासून मी आधी बांध, पाणंद असा उघडा तुकडा शोधतो, तिथली उंची घेतो आणि मगच पिकात शिरतो.

हे काम शिकवणाऱ्या कोर्सची फी भरण्याआधी डोळे तपासून घ्या. तिरळेपणा असेल किंवा एक डोळा अधू असेल, तर काहींना हा उंच-खोलपणा दिसतच नाही. ते आधी कळलेलं बरं.

सरावासाठी अशी फोटोंची जोडी काढायला मोबाइल पुरतो. समोरच्या सर्वांत जवळच्या वस्तूच्या अंतराचा तिसावा भाग बाजूला सरकून दुसरा फोटो काढायचा. पन्हाळ्याच्या तटावरून तीन किलोमीटरवरची टेकडी हवी, तर शंभर मीटर चालावं लागतं. तेवढ्यात ढगांच्या सावल्या सरकतात. म्हणून आम्ही दोघं मित्र दोन टोकांना उभे राहिलो आणि फोनवर "एक, दोन, तीन" म्हणत एकदमच बटण दाबलं.